तीन आण्यांत दोन मैल

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला सगळा कारखाना नाशिकला हलवला. या चित्रपटाच्या इतिहासात सुरतेची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तिथे पहिल्या दिवशी गल्ल्यात जेमतेम तीन रुपये पडले. तिथला प्रेक्षक दोन आण्यांत सहा तासांचे नाटक बघायला सरावलेला. तासाभरात आटोपणारा हा खेळ त्याला महाग वाटला. मग फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे. गल्ला तीनशे रुपयांवर गेला म्हणतात. आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी मावतात आणि चित्रपट होता सुमारे 3,700 फुटांचा. म्हणजे चौकटी 59 हजारांच्या घरात. सत्तावन्न हजारांचा दावा खरा. पण 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. दोन मैल हे जाहिरातीतलेच मैल. गंमत अशी, की यातला खरा आकडा आणि खोटा आकडा, दोन्ही प्रेक्षकाच्या दृष्टीने सारखेच निरुपयोगी. तिकीट काढावे की नाही हे चौकटी मोजून कळत नाही.

आज हीच जाहिरात संगणकावर रोज दिसते, फक्त छायाचित्रांच्या जागी खेळ आले आहेत. व्हिडिओ गेमच्या दुनियेत ‘इंडी’ म्हणतात ते मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय एकट्याने किंवा पाच-दहा जणांनी मिळून केलेल्या खेळांना. (घरच्या स्वयंपाकघरातून युनिटला जेवू घालणाऱ्या आणि रात्री फिल्म धुवायला बसणाऱ्या सरस्वतीबाई फाळके यांचा संसारही तसा इंडीच.) असे पाच, दहा, कधी शेकडो खेळ एका किमतीत बांधून विकायची पद्धत मे 2010 मधल्या ‘हंबल इंडी बंडल’ने रुळवली. ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अक्वेरिया’, ‘गिश’ वगैरे खेळ होते, किंमत ग्राहकाने स्वतः ठरवायची, आणि आपल्या पैशातला किती हिस्सा कर्त्यांना व किती धर्मादाय संस्थांना जावा हेही त्यानेच सांगायचे. सव्वा लाखाहून अधिक लोकांनी मिळून साडेबारा लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. पुढे जून 2020 मध्ये अमेरिकेतल्या वांशिक न्यायाच्या आंदोलनासाठी ‘इच’ या संकेतस्थळाने बंडल काढले, त्यात किमान पाच डॉलरला 1,741 गोष्टी होत्या. आठ लाखांवर लोकांनी ते घेतले आणि 81 लाख डॉलर उभे राहिले. सत्कार्य झाले, प्रश्न नाही. पण एका ग्राहकाच्या बाजूने पाहू. प्रत्येक गोष्टीला एकच तास दिला आणि रोज न चुकता एक तास काढला, तरी हे बंडल संपायला चार वर्षे नऊ महिने लागतात.

बंडल घेण्याजोगे आहे की नाही हे ठरवताना माझ्या मते एकच हिशेब खरा. त्यातला असा एक खेळ शोधावा, जो बंडल नसते तरी येत्या दोन-तीन महिन्यांत आपण घेतला असता. तो सुटा घ्यायला आज रुपयांत किती पडतो ते पाहावे. तेवढ्या किमतीत किंवा त्याहून कमी पैशांत अख्खे बंडल मिळत असेल तर घ्यावे. बाकीचे सगळे खेळ हिशेबात शून्य धरावेत. हा नियम कंजूष वाटेल. त्याच्यावरचे आक्षेप पुढे घेतोच. पण आधी हे कबूल करू, की आपण सहसा नेमके उलट करतो. ‘एकूण मूळ किंमत 250 डॉलर, आता फक्त 12’ ही ओळ वाचतो आणि 238 डॉलर कमावल्याच्या आनंदात कार्ड काढतो. ज्या वस्तू घ्यायचे मनातही नव्हते त्यांच्या किमतीची बेरीज हा नफा होत नाही.

हे मराठी वाचकाला अगदी परके नाही. 1909 साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि आता तर दर वर्षी पुस्तकवाले सवलतीचे संच लावतात: अमुक अंकांचा संच, इतके टक्के सूट, वर एखादे पुस्तक भेट.  संच घेणाऱ्याला मनातून ठाऊक असते, की त्यातले दोन अंक आपण अथपासून इतिपर्यंत वाचणार, तीन अंकांतल्या कथा-कविता चाळणार, आणि राशिभविष्याचा अंक घरातले दुसरे कुणी पळवणार. पण इथे खेळांहून एक मोठा फरक आहे. न वाचलेला दिवाळी अंक शेजारी जातो, मार्चमध्ये निम्म्या किमतीत फुटपाथवर येतो, निदान रद्दीच्या तराजूत तरी चढतो. न खेळलेल्या खेळाला रद्दीचाही भाव नाही. तो विकता येत नाही. खात्यावर एकदा चढलेला खेळ दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ‘स्टीम’सारख्या दुकानात आपण मुळात खेळ विकतच घेत नाही, खेळण्याचा परवाना घेतो. ही गोष्ट करारात पहिल्यापासून होती. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे 2024 पासून पैसे भरायच्या पानावरही ती स्पष्ट लिहिलेली दिसते.

खेळांची संख्या हे माप किती पोकळ आहे, ते त्याच 1,741 च्या ढिगातल्या दोन खेळांवरून दाखवता येते. दोन्ही डोंगर चढण्याचे. पहिला ‘अ शॉर्ट हाइक’. क्लेअर नावाची एक पाखरू-मुलगी सुट्टीत एका बेटावर आली आहे, तिला महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची आहे आणि खाली रेंज नाही. रेंज फक्त शिखरावर. वाटेत कुणी हरवलेली वस्तू शोधायला सांगतो, कुणी शर्यत लावतो, कुणी मासे पकडायला शिकवतो. सोनेरी पिसे जमतील तसा चढायचा दम वाढतो. दीड-दोन तासांत खेळ संपतो, आणि उतरताना शिखरावरून पंख पसरून तरंगत खाली येण्याची मिनिटे अशी आहेत, की पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाहीत. दुसरा ‘सेलेस्ट’. मॅडलिन नावाची मुलगी आपल्याच मनातल्या भीतीशी झगडत डोंगर चढते. इथे उडी एका केसाने चुकली की मरण, पुन्हा सुरुवात, पुन्हा मरण. पहिल्यांदा वर पोचेपर्यंत मरणांचा आकडा हजारावर जाणे सर्वसाधारण गोष्ट. आठ-दहा तास सहज लागतात, आणि चढ कठीण वाटणाऱ्यांसाठी कर्त्यांनी मदतीची सोयही ठेवली आहे. बंडलच्या यादीत दोघांपुढे एक-एकच आकडा. पण रविवारची एक संध्याकाळ हाताशी असलेल्याला पहिला पुरेपूर, आणि दुसरा त्याला अर्ध्या तासात संगणक बंद करायला लावेल. महिनाभर एकाच गोष्टीशी झुंजायची हौस असलेल्याचे नेमके उलट. म्हणजे तासांचे मापही धड नाही. ‘रुपयाला किती तास’ हा हिशेब मंडळी फार आवडीने करतात. त्याने ‘अ शॉर्ट हाइक’ महागात पडतो आणि निव्वळ वेळ खाणारा कुठलाही खेळ स्वस्त ठरतो. सुरतेच्या प्रेक्षकाने ‘हरिश्चंद्रा’ला लावलेले माप हेच होते.

विकणाऱ्याला बंडल का परवडते, हेही समजून घ्यायला हवे. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने 1963 मध्ये चित्रपटांच्या वितरणावरून याचा उलगडा केला. त्या काळी अमेरिकेत गाजणाऱ्या चित्रपटासोबत पडेल चित्रपटही टीव्ही केंद्रांच्या गळ्यात मारत. आपण नाशिकच्या कॉलेज रोडवरचे दोन विद्यार्थी कल्पू. एकाला कोड्यांचा खेळ 300 रुपयांचा वाटतो आणि गोष्टीचा 100 चा. दुसऱ्याला गोष्टीचा 300 चा, कोड्यांचा 100 चा. दोन्ही खेळ सुटे 300 ला ठेवले तर प्रत्येकजण एकेक घेईल, दुकानदाराला 600 मिळतील. दोन्ही मिळून 400 ला बांधले तर दोघेही घेतील आणि 800 येतील. खेळाची आणखी एक प्रत काढायला खर्च जवळजवळ काहीच नसतो, म्हणून हे गणित कांद्या-बटाट्यापेक्षा इथे अधिक चांगले जुळते. यात फसवणूक नाही. पण दोन्ही विद्यार्थ्यांनी आपल्याला नावडत्या खेळाचे शंभर रुपये मोजले, हे विसरायचे नाही. आणि तो नावडता खेळ त्यांनी उघडलाच नाही, तर आवडता खेळ 300 ऐवजी 400 ला पडला. बंडलमधली सवलत खेळण्यावर अवलंबून असते. विकत घेण्याच्या क्षणी ती अजून मिळालेलीच नसते.

कांद्याचे नाव निघालेच आहे तर नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या कांदा बाजारात जाऊ, कारण ढिगाने माल घेण्याचे शास्त्र आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात, व्यापारी चालत येतो, वरचे दोन-चार कांदे उचलतो, पत्ती चोळून पाहतो, माल दाबून पाहतो, आणि भाव पुकारला जातो. भाव अख्ख्या ट्रॉलीचा. पण त्याच्या डोक्यात त्या क्षणी ट्रॉली एकसंध नसते: इतका एकसारखा माल, इतकी गोल्टी (बारीक कांदा), इतका जोड कांदा. पुढे खळ्यावर ट्रॉली खाली करताना तळाशी वेगळाच माल निघाला तर पुन्हा हुज्जत होते. बंडलच्या ग्राहकालाही हीच नजर हवी, आणि खळ्यावरच्या हुज्जतीची सोय आहे का हेही आधी पाहायला हवे. स्टीमवरचे बंडल स्टीमकडूनच घेतले असेल, तर चौदा दिवसांच्या आत आणि त्यातले सगळे खेळ मिळून दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असतील तर पैसे परत मिळतात. शिवाय तिथल्या बऱ्याच बंडलांत आपल्याकडे आधीच असलेल्या खेळाची किंमत वजा होते आणि उरलेल्यावर सूट लागते. बाहेरच्या दुकानातून घेतलेली ‘की’, म्हणजे खात्यावर खेळ चढवायचा सांकेतिक क्रमांक, स्टीम परत घेत नाही. आणि आधीच असलेला खेळ पुन्हा आला, तर पैसे तेवढेच.

आता रुपयांचा मुद्दा, जो परदेशी शिफारशी वाचून निर्णय घेणाऱ्यांच्या हमखास नजरेतून निसटतो. स्टीमने नोव्हेंबर 2015 मध्ये भारतासाठी रुपयांत किमती आणल्या, आणि इंडी खेळ इथे बहुधा डॉलरच्या सरळ रूपांतरापेक्षा बरेच कमी दरात मिळतात. बाहेरच्या बंडलची ‘मूळ किंमत’ मात्र बहुधा अमेरिकी असते. डॉलर 85 रुपये धरला तर 20 डॉलरचा खेळ कागदावर 1,700 रुपयांचा. भारतात तो सातशे-आठशेला असेल आणि सेलमध्ये निम्म्याला, तर 12 डॉलरचे, म्हणजे 1,020 रुपयांचे बंडल त्या एका खेळासाठी घेणे हा सरळ तोटा आहे. हे आकडे उदाहरणाचे. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचे स्वतः पाहावेत. त्यात परकीय चलनाचा बँकेचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी मिळवावा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंदच असतो, तो आपण चालू करावा लागतो; स्टीमवर यूपीआयने काम भागते. नोटा छापणाऱ्या नाशिकसारख्या शहरात राहून खरेदीचा हिशेब डॉलरमध्ये करायचे काही कारण नाही. आणि किमतीचा तळ तर शून्य आहे. ‘एपिक’चे दुकान डिसेंबर 2018 मध्ये उघडल्यापासून सतत खेळ फुकट वाटत आले आहे, त्यात नावाजलेले इंडी खेळही असतात. जे थांबल्यास फुकट मिळण्याची बरीच शक्यता आहे, त्याला बंडलच्या बेरजेत पूर्ण किंमत कशी लावायची?

पहिला आक्षेप नेहमीचा: पाचशे-हजार रुपयांसाठी एवढी चिकित्सा कशाला, एका पिक्चरला चौघे गेले तर याहून जास्त उडतात. खरे आहे. पण पिक्चरला गेलेले चौघे पिक्चर बघतात. ‘आर्स टेक्निका’ या संकेतस्थळाने 2014 मध्ये स्टीमच्या खात्यांचा अंदाज बांधला, तेव्हा लोकांनी घेतलेल्या खेळांपैकी चतुर्थांशाहून अधिक एकदाही सुरू केलेले नव्हते. बंडल स्वस्त असते म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घेतले जाते, आणि दर महिन्याचे पाचशे म्हणजे वर्षाचे सहा हजार. सहा हजारांत मनापासून हवे असलेले दहा-बारा खेळ सुटे येतात, आणि ते खेळले जातात.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ज्याचे नावही ऐकले नव्हते असा खेळ बंडलमधून हाती लागतो आणि तोच सगळ्यात आवडता ठरतो. अनोळखी गोष्टींना शून्य धरणारा माणूस आयुष्यभर ओळखीचेच खेळत बसेल. हे घडते, आणि शून्य हा आकडा त्यामुळे किंचित अन्यायाचा आहे, हे मान्य. पण अनोळखी खेळाची चव घ्यायला आज पैसे मोजावे लागत नाहीत. स्टीमच्या ‘नेक्स्ट फेस्ट’मध्ये शेकडो नमुना-खेळ फुकट असतात. इचवर तर पूर्ण खेळच फुकट ठेवणारे अनेक आहेत. नाशिकहून पेठचा घाट उतरून कपराड्यावरून वापीकडे गेले की चला गाव लागते. तिथल्या ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ने वसाहतकाळ, भाषांतर आणि खोट्या दस्तऐवजांवरचे छोटे, रंगांनी ओथंबलेले खेळ केले आहेत आणि त्यातले काही कुणालाही उतरवून घेता येतात. घरापासून काही तासांच्या अंतरावरचे हे काम कित्येकांना ठाऊक नसते, आणि बंडलमधल्या तीनशेव्या क्रमांकावर ते पडले असते तरी ठाऊक झाले नसते. ढीग वाढला की शोध सोपा होत नाही. एकट्या 2024 मध्ये स्टीमवर अठरा हजारांहून अधिक खेळ आले. अशा बाजारात निवडून देणाऱ्याची किंमत आहे, आणि पाच खेळांचे, कुणीतरी विचार करून बांधलेले बंडल हजार खेळांच्या बंडलपेक्षा म्हणूनच अधिक मोलाचे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: बंडल घेतल्याने छोट्या कर्त्यांना हातभार लागतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चे उदाहरण घेऊ. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’साठी त्यांनी 2017 मध्ये लोकवर्गणी काढून पाहिली, ती उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तरीही खेळ झाला. ऑगस्ट 2020 मध्ये आला, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत होता. भावाला शोधत निघालेली राजी, पहाडी शैलीची चित्रे, बाहुल्यांच्या सावल्यांत सांगितलेल्या देवांच्या कथा. चार-पाच तासांचा ऐवज आहे. अशा कर्त्यांना मदत कशाने होते? दुकानात थेट घेतलेल्या प्रतीतून स्टीम साधारण 30 टक्के कापते आणि बाकी पुढे जाते. दहा परीक्षणे होईपर्यंत खेळाला गुणांची पट्टीच मिळत नाही, आणि 2016 पासून बाहेरच्या ‘की’ने चढवलेल्या प्रतींची परीक्षणे त्या गुणांत धरली जात नाहीत. म्हणजे बंडलमधून आलेल्या ग्राहकाने प्रेमाने चार ओळी लिहिल्या तरी गुणांच्या पट्टीवर त्यांचा परिणाम शून्य. मदतच करायची तर एक प्रत थेट घ्यावी आणि खेळून दोन वाक्ये लिहावीत. धर्मादाय बंडलची गोष्ट वेगळी. तिथे दिलेले पैसे देणगी म्हणून द्यावेत, देणगीच्या खाती लिहावेत. आणि ‘हंबल’ने 2021 मध्ये स्वतःचा किमान वाटा ठरवून घेतल्यापासून कुणाला किती जाते तेही वाचावे. देणगी आणि घासाघीस एकाच वाक्यात आली की दोन्हीचा हिशेब चुकतो.

माझा नियम एका माणसाला मात्र लागू होत नाही: ज्याला स्वतः खेळ बनवायचा आहे त्याला. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात रात्री जागून पहिला खेळ जुळवणाऱ्या मुलीला ‘अ शॉर्ट हाइक’इतकाच उपयोग अर्धवट राहिलेल्या, उडी नीट न जमलेल्या, आवाज मागे-पुढे झालेल्या खेळांचा होतो. गॅरेजवाल्याला बंद पडलेली गाडी उपयोगी पडते तसा. तिच्यासाठी 1,741 ही संख्याच माल आहे, आणि त्यातले पन्नास खेळ पाच-पाच मिनिटे उघडून बंद करणे हा तिचा अभ्यास.

इचच्या त्या बंडलची मांडणीही गमतीची होती. पाच डॉलर भरले म्हणून सगळे खेळ आपोआप खात्यातल्या संग्रहात येत नसत. लांबलचक यादी पानापानाने उलटायची, एखाद्या चित्रावर थांबायचे, नाव वाचायचे, आणि ज्याच्यापुढचे ‘डाउनलोड’ दाबाल तेवढाच संग्रहात यायचा. उरलेले त्या यादीत जिथल्या तिथे.